शेरगॉटी अशनी : खनिजघटना आणि उगमस्थान

बिहारच्या गया जिल्ह्यात, ग्रँड ट्रंक रस्त्याच्या कडेस शेरघाटी हे गाव वसलेले आहे. २५ ऑगस्ट १८६५ रोजी सकाळी नऊच्या सुमारास या गावाच्या परिसरात आकाशातून एक दगड पडला. त्याचे वजन सुमारे ५ किलोग्रॅम होते. वातावरणातून येताना पृष्ठभाग वितळल्यामुळे त्यावर पातळ काळे कवच चढले होते. इंग्रजी कागदपत्रांत गावाचे नाव ज्या रूपाने लिहिले गेले त्यावरून हा अशनी शास्त्रीय वाङ्मयात ‘शेरगॉटी’ या नावाने ओळखला जातो. त्याचा मोठा भाग कलकत्त्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या संग्रही राहिला आणि काही तुकडे अभ्यासासाठी लंडन, व्हिएन्ना इत्यादी ठिकाणच्या संग्रहालयांत गेले.

हा दगड मंगळ ग्रहावरून आला, असे आज भूविज्ञानाच्या ग्रंथांत निःशंकपणे लिहिलेले आढळते. तथापि मंगळावरून मुद्दाम उचलून आणलेला खडकाचा एकही तुकडा अद्याप पृथ्वीवरील प्रयोगशाळेत पोहोचलेला नाही. चंद्राच्या बाबतीत अशनींची तुलना प्रत्यक्ष आणलेल्या नमुन्यांशी करता येते. मंगळाच्या बाबतीत तशी सोय नाही. असे असता एका दगडाचे जन्मस्थान दुसरा ग्रह होय, हे कशावरून ठरले? या निष्कर्षाचा कोणता भाग शेरगॉटीतील खनिजांवर उभा आहे, कोणता त्याच्या सगोत्र अशनींच्या साक्षीवर आणि कोणता केवळ अनुमानावर, हे वेगवेगळे करून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

खनिजघटना

पाषाणी अशनींपैकी बहुसंख्य अशनींत काँड्र्यूल नावाचे बारीक गोलक आढळतात. हे अशनी ज्या पिंडांचे अवशेष आहेत, ते पिंड कधीही समूळ वितळून त्यांचे गाभा, प्रावरण व कवच असे थर पडलेले नाहीत. शेरगॉटीत काँड्र्यूलांचा मागमूसही नाही. तो अकाँड्राइट गटातील आहे, म्हणजेच शिलारस थिजून बनलेला अग्निज खडक आहे. आणि त्याची घटना बेसाल्टाची आहे.

त्याचा पातळ छेद ध्रुवणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता प्रथम लक्षात येतात ते पायरोक्सिनाचे लांबट स्फटिक. खडकाच्या आकारमानाचा सुमारे ७० टक्के भाग त्यांनी व्यापलेला आहे. त्यांत पिजिओनाइट आणि ऑजाइट अशी दोन पायरोक्सिने स्वतंत्र कणांच्या रूपाने आढळतात आणि ते कण स्थूलमानाने एका दिशेस लागलेले दिसतात. प्रत्येक कणाचा गाभा मॅग्नेशियमसमृद्ध असून कडेकडे लोहाचे प्रमाण वाढत जाते. गाभा बऱ्यापैकी एकजिनसी, तर कडा झपाट्याने बदलणारी, अशी ही रचना आहे. एडवर्ड स्टॉल्पर आणि हॅरी मॅक्स्वीन यांनी १९७९ साली तिचा अर्थ असा लावला की, गाभ्यांचे स्फटिक आधी वाढून शिलारसात साचले आणि कडा त्यानंतर, उरलेला रस थिजत असताना तयार झाल्या. शेरगॉटी हा सबंध शिलारस जसाच्या तसा गोठून झालेला खडक नव्हे. त्यात साचलेल्या स्फटिकांचा वाटा मोठा आहे. त्याच्या रासायनिक पृथक्करणावरून मूळ शिलारसाची घटना काढताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

पायरोक्सिनाच्या खालोखाल, सुमारे २४ टक्के भागात, मॅस्केलिनाइट आहे. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे. उरलेल्या अल्प भागात टायटॅनोमॅग्नेटाइट, इल्मेनाइट, पिऱ्होटाइट, मेरिलाइट व ॲपेटाइट ही फॉस्फेटे, सिलिका आणि शेवटी थिजलेल्या रसातील अतिसूक्ष्म कणांचे मिश्रण यांचा समावेश होतो. पायरोक्सिनात अडकलेल्या शिलारसाच्या थेंबांत केर्सुटाइट हे अँफिबोल गटातील खनिजही सापडले आहे.

दख्खनच्या बेसाल्टाचा अभ्यास करणाऱ्यास ही यादी परकी वाटणार नाही. ऑजाइट, पिजिओनाइट, प्लॅजिओक्लेज, टायटॅनोमॅग्नेटाइट ही दख्खनच्या थोलेआइटातील नित्याची खनिजे होत. भेद आहे तो प्रमाणांत. शेरगॉटीत सिलिका सुमारे ५१ टक्के, म्हणजे दख्खनच्या बेसाल्टाइतकीच आहे. परंतु लोहाचे ऑक्साइड सुमारे १९ टक्के आणि ॲल्युमिना अवघे ७ टक्के आहे. दख्खनच्या सर्वसाधारण थोलेआइटात लोहाचे ऑक्साइड १२ ते १४ टक्के आणि ॲल्युमिना १३ ते १४ टक्के असते. ॲल्युमिना कमी असण्याचे एक कारण साचलेल्या पायरोक्सिनात आहेच. पण पायरोक्सीन न साचलेल्या सगोत्र अशनींतही लोह अधिक आणि ॲल्युमिना कमी आढळते. ज्या प्रावरणातून हा शिलारस निपजला ते पृथ्वीच्या प्रावरणाहून अधिक लोहयुक्त आहे, एवढे यावरून म्हणता येते.

मॅग्नेटाइटाची साक्ष

या खनिजांपैकी टायटॅनोमॅग्नेटाइटास उगमाच्या चर्चेत विशेष महत्त्व आहे. मॅग्नेटाइटात लोहाचा काही अंश त्रिसंयुजी असतो, आणि असे खनिज शिलारसातून स्फटिकरूपाने बाहेर पडावयाचे तर तो शिलारस बराच ऑक्सिडीभूत असावा लागतो. यूक्राइट या नावाने ओळखले जाणारे बेसाल्टी अशनी आणि चंद्रावरील बेसाल्ट यांची स्थिती याच्या उलट आहे. त्यांत त्रिसंयुजी लोह जवळजवळ नाही. उलट धातुरूप लोहाचे सूक्ष्म कण आढळतात. शेरगॉटीत धातुरूप लोह नाही. एवढ्यावरून मंगळाचे नाव घेता येत नाही. पण यूक्राइटांचा जनक लघुग्रह आणि चंद्र ही दोन्ही स्थाने मागे पडतात.

पृथ्वीचे काय? दगड आकाशातून पडला हे उघड असले, तरी पृथ्वीवरून उडालेला तुकडाच परत आला नसेल ना, ही शंका तर्कदृष्ट्या अप्रस्तुत नाही. तिचे उत्तर ऑक्सिजनाच्या समस्थानिकांनी दिले. ऑक्सिजनाची १६, १७ व १८ अणुभारांकाची तीन स्थिर समस्थानिके आहेत. एकाच पिंडावर घडणाऱ्या रासायनिक व भौतिक क्रियांत त्यांची प्रमाणे बदलतात, पण ती एका ठरावीक नियमाने बदलतात आणि आलेखावर त्या पिंडाची एक रेषा तयार होते. रॉबर्ट क्लेटन आणि तोशिको मायेडा यांच्या मापनांत शेरगॉटी आणि त्याचे सगोत्र अशनी पृथ्वीच्या रेषेवर न पडता तिच्या वर, दर हजारी सुमारे ०.३ इतक्या अंतराने, तिला समांतर अशा वेगळ्या रेषेवर पडतात. चंद्राचे नमुने पृथ्वीच्याच रेषेवर आहेत आणि यूक्राइट तिच्या खाली आहेत. अर्थात हा दगड पृथ्वीचा नव्हे, चंद्राचा नव्हे आणि यूक्राइटांच्या जनक पिंडाचाही नव्हे.

याच रेषेवर आणखी दोन जुने अशनी आढळतात. एक ३ ऑक्टोबर १८१५ रोजी फ्रान्समध्ये पडलेला शासिन्यी आणि दुसरा २८ जून १९११ रोजी इजिप्तमध्ये पडलेला नाखला. पहिला बहुतांशी ऑलिव्हिनाचा, दुसरा बहुतांशी ऑजाइटाचा. डोळ्यांना हे तिन्ही दगड एकमेकांचे नातलग वाटत नाहीत. त्यांचे गोत्र एक आहे हे समस्थानिकांनी दाखविले. नायजेरियात ३ ऑक्टोबर १९६२ रोजी पडलेला झागामी हा अशनी मात्र शेरगॉटीशी खनिजघटनेतही जवळजवळ एकरूप आहे.

वयाचा प्रश्न

लघुग्रहांवरील बेसाल्ट अतिप्राचीन आहेत. यूक्राइटांचे वय सुमारे ४५० कोटी वर्षे, म्हणजे जवळजवळ सूर्यमालेइतकेच आहे. याचे कारण सरळ आहे. लहान पिंडातील उष्णता लवकर निघून जाते. त्यामुळे त्यावरील ज्वालामुखी क्रिया सूर्यमालेच्या आरंभीच्या काळातच संपुष्टात येते.

१९७९ साली लॉरेन्स नाइक्विस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुबिडियम-स्ट्रॉन्शियम पद्धतीने शेरगॉटीचे वय काढले, ते सुमारे १६.५ कोटी वर्षे आले. नाखला व शासिन्यी यांची वयेही सुमारे १३० कोटी वर्षांच्याच घरात येतात. पृथ्वीवर जुरासिक कालखंड चालू असताना दुसऱ्या एखाद्या पिंडावर लाव्हा वाहत असेल, तर तो पिंड मोठाच असला पाहिजे. चांग-ए ५ या यानाने २०२० साली आणलेल्या चंद्रावरील तरुण बेसाल्टाचे वयदेखील सुमारे २०० कोटी वर्षे आहे. चंद्राहून मोठा, प्रदीर्घ काळ अंतरंगी उष्ण राहिलेला पिंड म्हणजे ग्रहच होय, असा हा तर्क आहे.

परंतु १६.५ कोटी हा आकडा नेमका कशाचा, याविषयी दीर्घकाळ वाद होता. हा काळ खडक थिजल्याचा नसून पुढे बसलेल्या एखाद्या प्रचंड आघाताचा असावा, असे आरंभी त्याच अभ्यासकांना वाटले होते. कारण आघाताच्या उष्णतेने किरणोत्सर्गी घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होऊ शकते. २००५ साली ऑड्रे बूव्हिए व सहकाऱ्यांनी शिशाच्या समस्थानिकांवरून असे प्रतिपादन केले की, शेरगॉटीवर्गीय खडक मुळात सुमारे ४१० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. हा मुद्दा शब्दच्छलाचा नाही. शेरगॉटीवर्ग खरोखरच एवढा जुना असेल, तर अलीकडच्या काळापर्यंत जागृत राहिलेल्या ज्वालामुखी ग्रहाचा एक प्रमुख पुरावाच नाहीसा होईल. २०१३ साली याच वर्गातील एका अशनीतल्या बॅडेलाइट या झिर्कोनियमयुक्त खनिजाचे युरेनियम-शिसे पद्धतीने कालमापन झाले. त्यावरून तो सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वी थिजला आणि त्यास बसलेला आघात गेल्या २.२ कोटी वर्षांतील आहे, असे दिसून आले. निरनिराळ्या मूलद्रव्यांवर आधारलेल्या पद्धती एकाच सुमाराच्या वयाकडे बोट दाखवीत असल्याने तरुण वय हेच आज बहुतेकांना ग्राह्य वाटते.

तरुण वयाच्या आधारे १९७९ पासून काही अभ्यासकांनी मंगळाचे नाव पुढे केले. शुक्राचे वातावरण अतिशय दाट आणि मुक्तिवेग सेकंदास सुमारे १०.४ किलोमीटर, बुधाच्या पृष्ठभागावरील खडकांत लोहाचे ऑक्साइड अत्यल्प असल्याचे पुढे मेसेंजर यानाने दाखविले. शिल्लक राहतो तो मंगळ. पण केवळ शिल्लक राहणे हा सकारात्मक पुरावा होत नाही, आणि तो शेरगॉटीत सापडलाही नाही.

काचेतील वायू

निर्णायक पुरावा अंटार्क्टिकातून आला. तेथील एलिफंट मोरेन या स्थळी १९७९ च्या सुमारास सापडलेला ई.ई.टी.ए. ७९००१ हा अशनी खनिजे, रासायनिक घटना व ऑक्सिजनाची समस्थानिके या सर्व दृष्टींनी शेरगॉटीवर्गीय आहे. त्याचे वैशिष्ट्य असे की, आघाताने जागोजागी वितळून झालेल्या गडद काचेचे लहान लहान पुंजके त्यात आहेत. डोनाल्ड बोगार्ड आणि प्रॅट जॉन्सन यांनी १९८३ साली ही काच तापवून तिच्यात कोंडलेले निष्क्रिय वायू मोजले.

त्यांना आढळलेली गुणोत्तरे पृथ्वीवर किंवा इतर अशनींत मिळणाऱ्या गुणोत्तरांशी जुळत नव्हती. आर्गॉन-४० चे आर्गॉन-३६ शी प्रमाण पृथ्वीच्या हवेत सुमारे ३०० आहे. या काचेतील वायूत ते दोन हजारांच्या वर गेले. झेनॉन-१२९ चे झेनॉन-१३२ शी प्रमाण पृथ्वीच्या हवेत १ हून किंचित कमी आहे. येथे ते सुमारे २.४ भरले. असे वातावरण पूर्वी एकाच ठिकाणी मोजले गेले होते. १९७६ साली मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांनी ही प्रमाणे अनुक्रमे सुमारे ३००० आणि २.५ अशी कळविली होती. पुढील वर्षी रिचर्ड बेकर आणि रॉबर्ट पेपिन यांनी त्याच काचेत जड नायट्रोजनही शोधून काढला. तोही मंगळाच्या हवेचा विशेष होय. कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि निष्क्रिय वायू यांची काचेतील प्रमाणे मंगळाच्या हवेतील प्रमाणांसमोर मांडली असता ती कित्येक पटींच्या विस्तारावर एका सरळ रेषेत येतात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. व्हायकिंगच्या मापनांतील अनिश्चितता थोडी नव्हती. आर्गॉनाच्या आकड्यातच ५०० चा अधिक-उणा फरक संभवत होता. पुराव्याचे बळ एका आकड्यात नसून अनेक स्वतंत्र आकड्यांच्या एकत्रित साम्यात होते. २०१३ साली क्युरिऑसिटी यानाने मंगळाच्या हवेतील आर्गॉन अधिक काटेकोरपणे मोजला. पहिले प्रमाण १९०० च्या आसपास, म्हणजे व्हायकिंगच्या आकड्याहून बरेच कमी आले. आर्गॉन-३६ चे आर्गॉन-३८ शी प्रमाण ४.२ आढळले, पृथ्वीवर व सूर्यात ते ५.३ ते ५.५ आहे. शेरगॉटीवर्गीय काचांत हे प्रमाण असेच असामान्य रीतीने कमी असल्याचे त्यापूर्वीच नोंदले गेले होते. ग्रहावर प्रत्यक्ष मोजण्याआधी दगडाने जे सांगितले होते, ते नंतर ग्रहाने खरे ठरविले. परीक्षेची ही रीत साध्या जुळणीहून अधिक कठोर मानावी लागेल.

तथापि या साखळीत शेरगॉटीचे स्थान कोणते? वायूची निर्णायक साक्ष ई.ई.टी.ए. ७९००१ ची आहे. शेरगॉटी मंगळाचा ठरतो तो त्या अशनीशी असलेल्या नात्याने. ते नाते खनिजे, लोह-मँगनीज प्रमाण, ऑक्सिजनाची समस्थानिके आणि वय अशा चार धाग्यांनी विणलेले असल्यामुळे भक्कम आहे. पण ते नाते आहे, प्रत्यक्ष दर्शन नव्हे.

मॅस्केलिनाइट आणि मंगळावरून सुटका

१९८० च्या सुमारास मंगळाच्या कल्पनेवर सर्वांत मोठा आक्षेप यामिकीच्या बाजूने घेतला जात असे. मंगळाचा मुक्तिवेग सेकंदास सुमारे ५ किलोमीटर आहे. एवढा वेग एखाद्या खडकास देणारा आघात त्या खडकाचे पाणी किंवा वाफ करून टाकील. पायरोक्सिनाचे स्फटिक शाबूत ठेवणार नाही, असा तो आक्षेप होता. या आक्षेपाचे उत्तर ज्या खनिजात होते, ते शंभराहून अधिक वर्षे अभ्यासकांच्या समोरच होते.

१८७२ साली व्हिएन्नाचे गुस्ताव चेरमाक यांना शेरगॉटीत एक रंगहीन, पारदर्शक पदार्थ आढळला. त्याचे पृथक्करण प्लॅजिओक्लेज फेल्स्पाराचे होते, कणांची बाह्याकृतीही फेल्स्पाराच्या स्फटिकांसारखी होती. परंतु ध्रुवित प्रकाशात तो सर्व दिशांनी काळाच दिसे. फेल्स्पाराचा स्फटिक असा समदिक् असू शकत नाही. ब्रिटिश म्युझियममधील खनिजविभागाचे प्रमुख नेव्हिल स्टोरी-मॅस्केलिन यांच्या सन्मानार्थ चेरमाक यांनी त्यास मॅस्केलिनाइट हे नाव दिले. प्रथम ते स्वतंत्र खनिज मानले गेले. पुढे ती फेल्स्पाराच्या घटनेची काच होय, असे ठरले. पण फेल्स्पार वितळून काच झाली असेल, तर ती वाहिली कशी नाही आणि शेजारचे पायरोक्सीन स्फटिकरूपातच कसे राहिले, हे कोडे कायम राहिले.

१९६३ साली डॅनियल मिल्टन आणि पॉल डी कार्ली यांनी गॅब्रो खडकावर स्फोटाच्या साहाय्याने २५० ते ३०० किलोबार, म्हणजे २५ ते ३० गिगापास्कल, इतका क्षणिक दाब दिला. त्यातील प्लॅजिओक्लेजाचे मॅस्केलिनाइट झाले आणि पायरोक्सीन स्फटिकरूपातच राहिले. म्हणजे शेरगॉटीसारखाच खडक प्रयोगशाळेत तयार झाला. दाब दुप्पट-तिप्पट केला तेव्हा फेल्स्पार खरोखर वितळले. १९८६ साली डीटर श्टॉफ्लर व सहकाऱ्यांनी पातळ छेदातील लक्षणे आणि काचेचा प्रणमनांक यांवरून शेरगॉटीने सोसलेला दाब सुमारे २९ गिगापास्कल असल्याचे काढले. वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २ लाख ९० हजार पट एवढा तो होतो.

या खनिजाशी महाराष्ट्राचा एक खराखुरा संबंध आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर ज्वालामुखीचे की आघाताचे, हा वाद मिटविण्यास तेथील भग्न बेसाल्टात सापडलेले मॅस्केलिनाइट मोठ्या प्रमाणात कारणीभूत झाले. ज्या लेखात १९७३ साली हा निष्कर्ष मांडला गेला, त्याच्या लेखकांत उपर्युक्त मिल्टन होते. ज्वालामुखी क्रियेत असे दाब कधीच उत्पन्न होत नाहीत, हा दोन्हीकडचा आधार एकच आहे. बेसाल्टावर आघात झाला असता प्लॅजिओक्लेजाचे काय होते, हे शेरगॉटीच्या अभ्यासकास लोणारच्या खडकांत पाहता येते.

आता मूळ आक्षेपाकडे वळता येईल. १९८४ साली जे मेलॉश यांनी दाखविले की, मोठा आघात होत असताना अगदी पृष्ठभागालगतचा पातळ थर एका विशेष स्थितीत असतो. आघाततरंग मुक्त पृष्ठभागावरून परावर्तित होतो. मूळ व परावर्तित तरंगांच्या संयोगाने तेथील कमाल दाब कमी राहतो, पण दाबाचा उतार फार तीव्र होतो. त्यामुळे त्या थरातील खडक फारसा न वितळता मोठ्या वेगाने उडविला जातो. त्याच सुमारास अंटार्क्टिकातील ए.एल.एच.ए. ८१००५ हा अशनी चंद्राचा असल्याचे सिद्ध झाले होते. त्याच्याशी ताडून पाहण्यास चंद्रावरचे प्रत्यक्ष नमुने होते. दुसऱ्या पिंडावरून खडक शाबूत सुटू शकतो, याविषयी मग शंका उरली नाही. पुढील गणितांत तर मंगळावर सुमारे ३ किलोमीटर व्यासाचे विवर पाडणारा आघातही त्यास पुरेल, असे निष्पन्न झाले. मॅस्केलिनाइट ही, या दृष्टीने, शेरगॉटीला मंगळ सोडताना बसलेल्या तडाख्याची खूण होय.

या चित्रातही मतभेदास जागा आहे. मॅस्केलिनाइट घन अवस्थेतच विस्कटलेले फेल्स्पार आहे की उच्च दाबाखाली वितळून तेथेच थिजलेली दाट काच आहे, यावर दोन पक्ष आहेत. शेरगॉटीतच प्रथम सापडलेल्या सीफर्टाइट या सिलिकेच्या अतिघन रूपाने वादात भर टाकली. समतोल स्थितीत हे खनिज पृथ्वीच्या खोल प्रावरणाइतक्या दाबाखालीच टिकते. यास्तव आघाताचा दाब फार मोठा असावा, असे काहींनी मानले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मात्र ते अस्थायी रूपाने सुमारे ११ गिगापास्कल दाबासही तयार होऊ शकते, असे दिसले. एखादे खनिज आढळले की त्याच्या स्थैर्यक्षेत्रातील दाब गाठलाच गेला असला पाहिजे, हे गृहीत क्षणार्धात घडणाऱ्या क्रियेस लागू करता येत नाही, असा धडा यातून मिळतो.

मंगळ सोडल्यावर दगड किती काळ अवकाशात होता, हेही मोजता येते. लहान तुकडा मोकळ्या अवकाशात आला की विश्वकिरणांच्या माऱ्याने त्यात हेलियम, निऑन व आर्गॉन यांची विशिष्ट समस्थानिके साचू लागतात. शेरगॉटीच्या बाबतीत हा काळ २५ ते ३० लाख वर्षांचा येतो. नाखला आणि शासिन्यी यांच्या बाबतीत सुमारे १.१ कोटी वर्षांचा. म्हणजे हे सर्व दगड एकाच आघातात उडालेले नाहीत.

पुराव्याच्या मर्यादा

शेरगॉटी मंगळावरचा आहे, हे मान्य केले तरी मंगळावर कोठला, हे ठाऊक नाही. भूविज्ञानात स्थळ न नोंदलेल्या नमुन्याची किंमत अर्धी होते, असे विद्यार्थ्यास पहिल्याच क्षेत्रभेटीत सांगितले जाते. मंगळावरून आलेले सर्वच अशनी असे स्थळहीन नमुने आहेत. थार्सिस आणि एलिसियम येथील तरुण लाव्हा प्रदेशांतील विवरांशी त्यांची सांगड घालण्याचे पद्धतशीर प्रयत्न अलीकडे चालू आहेत. परंतु ती सांगड विवरांची संख्या, आकार आणि वय यांच्या अनुमानांवर बसविलेली आहे.

दुसरी मर्यादा निवडीची आहे. मंगळाचा बराच मोठा पृष्ठभाग ३०० कोटी वर्षांहून जुना आहे, असे विवरांच्या गणनेवरून दिसते. त्याच्याशी ताडून पाहता मंगळीय अशनींतील बहुसंख्य तरुण बेसाल्टाचे आहेत. सुमारे ४१० कोटी वर्षे वयाचा ए.एल.एच. ८४००१ आणि ४४० कोटी वर्षे जुन्या झिर्कॉनांचे कण बाळगणारा एन.डब्ल्यू.ए. ७०३४ हे ठळक अपवाद होत. याचे एक संभाव्य स्पष्टीकरण असे की, धूळ आणि भग्न खडक यांखाली दबलेल्या जुन्या प्रदेशातून अखंड तुकडा मुक्तिवेगाने निसटणे कठीण असते, तर उघडा, कणखर, तरुण लाव्हा सहज निसटतो. गाळाचा मऊ खडक तर या प्रवासात टिकणेच दुरापास्त आहे. पृथ्वीवर पोहोचलेले अशनी हा मंगळाचा प्रातिनिधिक नमुना नव्हे. प्रवास सोसू शकलेल्या खडकांचा तो संग्रह आहे.

यानांच्या निरीक्षणांनी हे अधोरेखित केले आहे. २००४ साली ऑपॉर्च्युनिटी यानास मेरिडियानी पठारावर ‘बाउन्स रॉक’ नावाचा एक सुटा दगड आढळला. त्याची घटना शेरगॉटीवर्गाशी विलक्षण जुळती होती. परंतु सभोवतालच्या खडकांत तो एकटाच तसा होता आणि दूरच्या एखाद्या विवरातून तेथे येऊन पडला असावा. त्याच वर्षी स्पिरिट यानाने गुसेव्ह विवरात तपासलेले बेसाल्ट ऑलिव्हिनयुक्त व शेरगॉटीहून वेगळे निघाले. क्युरिऑसिटीने गेल विवरातील पंकाश्माचे तेथेच कालमापन केले, तेव्हा ते सुमारे ४२० कोटी वर्षांचे आले. शेरगॉटीच्या वयाशी त्याची तुलना केली असता मंगळाच्या इतिहासाच्या दोन टोकांमधले अंतर ध्यानात येते.

पर्सिव्हिअरन्स यानाने २०२१ पासून येझेरो विवरात स्थळासह नोंदलेले खडकांचे नमुने कुप्यांत बंद करून ठेवले आहेत. ते पृथ्वीवर केव्हा व कसे आणले जातील, हे अनिश्चित आहे. ते येतील तेव्हा प्रथम त्यांच्या ऑक्सिजन समस्थानिकांची रेषा शेरगॉटीच्या रेषेवर ठेवून पाहिली जाईल. ती जुळली, तर आज नात्याच्या साक्षीने सिद्ध मानलेली गोष्ट प्रत्यक्षाने सिद्ध होईल. न जुळली, तर चूक वायूंच्या अर्थनिर्णयात आहे, की ग्रहाची समस्थानिक रेषा एकच असते या गृहीतात, हे शोधावे लागेल. तोपर्यंत मंगळाच्या अंतरंगाविषयी पृथ्वीवरील प्रयोगशाळांतून मिळालेले ज्ञान शेरघाटीस पडलेल्या त्या दगडावर आणि त्याच्या गोत्रातील इतर दगडांवर अवलंबून आहे. आणि त्या ज्ञानाचा वापर करताना त्यातील कोणता दुवा मोजलेला आहे व कोणता जोडलेला, हे विसरणे परवडणारे नाही.